तिसऱ्या खणाचं टोक

धाकटीला लग्नानंतर अकराव्या वर्षी जुळं झालं, त्या वर्षातली ही गोष्ट. जुळी अडीच महिन्यांची होती आणि घरात कोणाचीच धड झोप होत नव्हती. तो औषधांच्या दुकानात दुधाच्या पावडरीचा डबा घ्यायला रांगेत उभा होता. पुढे दोन माणसं, मागे एक खोकणारी बाई. खिशातला फोन वाजला. नंबर ओळखीचा नव्हता. कानाला लावला तर एका तरुण बाईचा आवाज म्हणाला, "पेटीवाले काका बोलताय का?" "राँग नंबर," म्हणून त्याने फोन बंद केला आणि डबा न घेताच दुकानाबाहेर आला. कोपऱ्यापर्यंत गेल्यावर डब्याची आठवण झाली, परत फिरला, पुन्हा रांगेच्या शेपटाला उभा राहिला. पेटीवाला. सदतीस वर्षांत त्याला या नावाने कोणी हाक मारली नव्हती. या शहरात तो धाकटीचा बाप होता, जावयाचा सासरा होता, काचेच्या कारखान्याच्या पॅकिंग खात्यातून निवृत्त झालेला एक म्हातारा होता. पेटीवाला म्हणणारी माणसं कोण? एक साहेब, ते वारले. दोन-चार मजूर, ते कुठे पांगले कोण जाणे. आणि मिस्त्री. पण मिस्त्रींकडे त्याचा नंबर असायचं कारण नव्हतं. म्हणजे नंबर घरातूनच गेला होता. तीन जिने चढताना तो हे नक्की करत गेला, आणि दार जावयाने उघडलं तेव्हा त्याने जावयाच्या तोंडाकडे असं पाहिलं की जावई म्हणाला, "काय झालं बाबा? डबा महागला का?"

जावई एका कार्यालयात टेबलाशी बसणारा माणूस, हसतमुख, आणि त्याच्या हसण्यावर याचा कधीच पूर्ण विश्वास बसला नव्हता. जेवताना याने सहज विचारल्यासारखं म्हटलं, "माझा नंबर कोणाला दिला होता का हल्ली?" "मी? तुमचा नंबर मलाच पाठ नाही," जावई म्हणाला. "का, कोणी स्थळ घेऊन आलं का तुमच्यासाठी?" धाकटी खुसखुसली. एक बाळ तिच्या खांद्यावर, दुसरं पायावर. तोही हसला, पण मनात शंकेची पाल चुकचुकत राहिली. कारण आठवड्यापूर्वी जावयानेच चहा पिता पिता पेपरातली बातमी मोठ्याने वाचली होती: जगात युरेनियमला पुन्हा मागणी आली आहे, जुन्या, सोडून दिलेल्या जागा नव्याने तपासल्या जाणार आहेत. आणि पेपर खाली करून विचारलं होतं, "बाबा, तुम्ही होता ना अशा एका साइटवर?" सहज विचारलं होतं की मुद्दाम? त्या वेळी त्याने "होतो थोडे दिवस" म्हणून बाळाचं टोपडं सारखं केलं होतं. आता घास चावताना त्याला वाटत होतं, टोपडं सारखं करायला नको होतं. त्यातच जावयाला काहीतरी दिसलं असणार.

थोडे दिवस म्हणजे साडेपाच वर्षं. एक बोडका डोंगर, त्याच्या पायथ्याशी पत्र्याच्या शेड, आणि डोंगराला पाडलेली भोकं. मशीन फिरायचं, पोकळ नळी खाली जायची, आणि वर येताना तिच्या पोटात दगडाची लांबच लांब कांडी यायची, मनगटाएवढी जाड, ओली, गरम. मशीन चालवायचे मिस्त्री. मिस्त्री म्हणजे त्याच्या बायकोचे थोरले भाऊ. त्यांनीच याला साइटवर लावलं होतं. याला अक्षर येत नव्हतं, आकडाही येत नव्हता, त्यामुळे काम उचलाउचलीचं. कांडी घ्यायची, शेडमध्ये न्यायची, भरलेल्या पेट्या एकावर एक रचायच्या. पेट्या लाकडी, उथळ, प्रत्येकीत पाच खण, प्रत्येक खण मीटरभर लांब. त्यात कांडी ओळीने ठेवायची आणि जिथे नळीची एक खेप संपेल तिथे लाकडाचा ठोकळा घालायचा. ठोकळ्यावर किती खोल गेलो तो आकडा मिस्त्री स्वतः लिहायचे, टोकदार पेन्सिलने, जीभ दातांत धरून. पेटी भरणारा माणूस निराळा होता, शिकलेला. त्याचं पोट बिघडलं आणि तो चार दिवस गावी गेला. त्या चार दिवसांत पेट्या याने भरल्या. भोक नंबर अकरा. साहेब म्हणाले, "जमेल ना रे? ओळीने ठेवायचं, बास." तो म्हणाला, "जमेल की." दगड ओळीने ठेवायला काय अक्कल लागते?

दगड दिसायला अगदी साधा होता. काळसर, जड, मधूनच तेलकट चमक. त्याला त्या दगडाची कधी भीती वाटली नव्हती, भीती नंतर आली, शहरात, थोरल्या मुलीला ताप आला तेव्हा, मग बायकोच्या आजारपणात, मग धाकटीला दहा वर्षं मूल होईना तेव्हा. दर वेळी तो आपले तळवे उलटेपालटे करून बघायचा. डॉक्टरांनी प्रत्येक वेळी दुसरंच कारण सांगितलं होतं आणि तो प्रत्येक वेळी मान डोलावून, डॉक्टरांना खरं कोणी सांगितलेलंच नाही असं मनात धरून बाहेर आला होता. आता जुळी झाली होती, धडधाकट, रडायला लागली की शेजारी भिंत ठोकायचे. तरी बाळांना उचलण्याआधी तो दोनदा हात धुवायचा. धाकटीला वाटायचं, बाबा स्वच्छतेचे किती पक्के.

पाचव्या दिवशी शिकलेला माणूस परत आला आणि सहाव्या दिवशी साहेबांनी अकरा नंबरच्या पेट्या उघडल्या. हातात टिकटिक करणारं यंत्र. ते खणावरून डावीकडून उजवीकडे हळूहळू फिरवत गेले. तिसऱ्या खणाच्या उजव्या टोकाला यंत्र तडतडायला लागलं, फुटाण्यासारखं. चौथ्या खणाच्या डाव्या टोकाला गप्प. साहेब पुढे सरकले, गप्प, गप्प, आणि चौथ्याच्या उजव्या टोकाला पुन्हा तडतड. साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्यांनी पुन्हा फिरवलं. बाजूच्या टेबलावर भोकात सोडलेल्या यंत्राचा कागद होता. त्यावर रेघ एकदाच वर गेली होती, उंटाच्या एका मदारीसारखी. दोन हात जाडीचा एकच पट्टा. पेटीत मात्र हात-हातभराचे दोन, आणि मध्ये कोरा दगड. ठोकळ्यांची अंतरंही जुळेनात. दगडाचे तुकडे फार झालेले, ते एकेक जुळवून बघायला कोणाला वेळ? साहेब म्हणाले, "कागद एक सांगतो, पेटी दुसरं. यंत्र काही पगार घेत नाही, मिस्त्री." मिस्त्री म्हणाले, "साहेब, आकडे माझे बरोबर आहेत." "मग दगडाला पाय फुटले?" शेडमध्ये कोणीतरी हसलं. तो स्वतः पेट्यांजवळ उभा होता आणि त्याला कळत नव्हतं की हे लोक एवढे चकित कशाने झालेत. तडतड तर वळणाच्या जागीच झाली होती. त्याच्या लेखी तिथे दोन पट्टे नव्हतेच. पण तो काही बोलला नाही, कारण साहेब आणि मिस्त्री बोलत असताना पेटीवाल्याने तोंड घालायचं नसतं.

मिस्त्रींवर ठपका आला की नळीत कांडी अडकून हरवली, ती लपवायला त्यांनी ठोकळ्यांवर खोटे आकडे लिहिले. एका भोकात लिहिले म्हणजे सगळ्याच भोकांत लिहिले असणार. मिस्त्रींनी पाडलेली सगळी भोकं, अकराच्या अकरा, बाद झाली. मिस्त्रींना काढलं. दुसऱ्या मशीनवाल्यांच्या उरलेल्या भोकांवर डोंगराचा हिशोब जमेना, वर्षभराने साइटही बंद पडली, पत्रे उतरवले, पेट्या गोदामात गेल्या. मिस्त्रींना पुन्हा कोणी मशीनवर उभं केलं नाही. त्या धंद्यात खोट्या आकड्याचा माणूस म्हणजे आंधळा ड्रायव्हर. ते एका वखारीचे पहारेकरी झाले. आणि त्याची बायको मरेपर्यंत, पोळपाटाशी, दळण निवडताना, बसची वाट बघताना, मध्येच म्हणायची, "दादा खोटं लिहिणारा नाही हो." तो म्हणायचा, "नाहीच." आधीची वर्षं हे तो मनापासून म्हणायचा.

मनापासून, कारण त्याला माहीत नव्हतं. ते कळलं आठ वर्षांनी. धाकटी दुसरीत होती. तिला खेळायला शाळा-शाळा हवी होती आणि विद्यार्थी म्हणून बाप सापडला. ती पाटीवर अक्षर काढायची, तो गिरवायचा. आधी थट्टा होती, मग त्याला गोडी लागली. आणि एका रविवारी दुपारी त्याने तिच्या पुस्तकाची पहिली ओळ बोट ठेवून वाचली, सगळी, स्वतः. ओळ संपली. बोट उजव्या टोकाला पोचलं होतं. त्याने ते तिथल्या तिथे खालच्या ओळीवर उतरवलं आणि उलटं, डावीकडे वाचत निघाला. काही लागेना. धाकटी कपाळाला हात लावून म्हणाली, "अहो बाबा, बोट उचला! परत पहिल्यापासून. उलटे कुठे चाललात?" त्याने बोट उचललं. आणि ते हवेत असतानाच त्याला ती पेटी दिसली. त्याने कांडी ठेवली होती ती नांगर चालतो तशी, एक ओळ बांधापर्यंत जाऊन, तिथेच वळून परत. डोंगरातला दगड अखंड होता, त्याला तोडून पुन्हा पलीकडच्या टोकाला कशाला न्यायचा? साऱ्या जगात शिकलेली माणसं ओळ संपली की उडी मारून परत येतात, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं, कारण ते सांगावं लागतं हे कोणाला माहीत नव्हतं. धाकटी म्हणत होती, "बाबा, वाचा ना." बायको आत भांडी लावत होती. तो उठला आणि म्हणाला, डोळे दुखतात. त्या दिवसापासून "नाहीच" म्हणताना त्याचा आवाज त्यालाच खोटा वाटायला लागला. आज सांगू, उद्या सांगू करत एकोणतीस वर्षं गेली. त्यांतल्या सतराव्या वर्षी बायको गेली. मिस्त्री तेव्हा आले होते. फाटकाबाहेर उभे राहिले, आणि आत न येता गेले.

फोनवाली बाई आठ दिवसांनी दारातच उभी राहिली. पंचविशी-तिशीची, पाठीवर सॅक, बुटांना लाल माती. "मी दगडांची डॉक्टर," ती धाकटीला हसत म्हणाली. नव्या कंपनीने तिला जुनी साइट तपासायला नेमलं होतं. "काका, त्या दिवशी राँग नंबर म्हणालात, पण आवाज बरोबर होता." याने विचारलं, "नंबर कोणी दिला?" ती म्हणाली, "नाव सांगू नका म्हणालेत." जावई नेमका घरी होता आणि नेमका उठून चहा टाकायला गेला. तेही याच्या नजरेतून सुटलं नाही. बाईने टेबलावर फोटो पसरले. जुन्या पेट्या, वरून काढलेल्या. अकरा नंबर. तिचं बोट तिसऱ्या खणावर फिरलं. "या टोकाचा तुटलेला तुकडा आणि खालच्या खणाच्या याच टोकाचा तुकडा, एकमेकांत बसतात. कप आणि बशीसारखे. मी हातात घेऊन बघितलंय. म्हणजे पेटी भरताना काहीतरी वेगळं झालं. या पेट्या कोणी भरल्या, आठवतं?" त्याने फोटो लांब धरला, जवळ धरला. चष्मा पुसला. त्याला वाटलं, हिला सगळं माहीत आहे, ही नुसती दोरी सैल सोडतेय. कबूल केलं की बाहेर उभा असलेला कोणीतरी आत येईल. निवृत्तीचं काही थांबवतील. पण त्याहून मोठी भीती टेबलाच्या पलीकडे उभी होती, खांद्यावर बाळ थोपटत. तो म्हणाला, "फार वर्षं झाली. होता एक माणूस. शिकलेला."

आणि धाकटी वाकून फोटो बघत हसली. "अगदी आमचे बाबा वाचायचे तसं झालंय की हे! मी शिकवलंय त्यांना, दुसरीत असताना. ओळ संपली की तिथूनच खाली उतरायचे आणि उलटे परत. मी ओरडायचे, बोट उचला बाबा."

बाईने पेन टेबलावर ठेवलं. खूप हळू ठेवलं. स्वयंपाकघरात चहा उतू गेल्याचा आवाज आला आणि जावई "अरे, अरे" म्हणाला. धाकटीचा थोपटणारा हात थांबला. तिने बापाकडे पाहिलं, मग फोटोकडे, मग पुन्हा बापाकडे, आणि तिचा चेहरा एकेक घडी उलगडावी तसा बदलत गेला. मुद्दाम म्हणाली का ही? तिला आधीपासून माहीत होतं का? बायकोला माहीत होतं का, म्हणून ती मरेपर्यंत तेच एक वाक्य त्याच्यासमोर ठेवत राहिली? "दादा खोटं लिहिणारा नाही हो." ती सांगत होती की विचारत होती?

"काका," बाई म्हणाली, "पेट्या इथल्याच गोदामात आहेत. येता का एकदा?"

गोदाम थंड होतं आणि ओल्या पुठ्ठ्याचा वास येत होता. मोठ्या टेबलावर अकरा नंबरची पेटी उघडून ठेवली होती. बाईने त्याला हातमोजे दिले. ते घालून त्याला काही कळेना, म्हणून त्याने काढून ठेवले. चौथ्या खणातले तुकडे त्याने एकेक उचलले, उजव्या टोकाचा पहिला, तो डावीकडे आणून ठेवला, मग पुढचा. बोटं जाड झाली होती, पण तुकड्यांना ती ओळखत होती. दुसरा खण त्याने तसाच फिरवला. वरच्या आणि खालच्या पेट्यांतले एक सोडून एक खण बाईने फिरवले. मिस्त्रींचे ठोकळे नव्या जागी बसत गेले. लाकूड काळं पडलं होतं, पेन्सिल पुसट, पण आकडे वाचता येत होते आणि आता त्याला वाचता येत होते. बाईने पट्टी लावून एकेक अंतर मोजलं. सगळी जुळली. एकसुद्धा ठोकळा बोटभर इकडचा तिकडे नव्हता. तिने यंत्र फिरवलं. तिसऱ्या खणाच्या टोकाला तडतड सुरू झाली, चौथ्याच्या सुरुवातीला चालू राहिली, आणि मग थांबली. एकच पट्टा. बाई म्हणाली, "माणसाने काय काम केलंय." तिने कागद पुढे केला. पेट्यांचं काय झालं ते चार ओळींत लिहिलं होतं. त्याने ते स्वतः वाचलं, बोट ठेवून, आणि सही केली. सही करायला त्याला वेळ लागला. मग तो म्हणाला, "आता तरी सांगा. नंबर जावयाने दिला ना?" बाईला हसू आलं. "मिस्त्रींनी दिला. त्यांनी तुमच्या कारखान्यातून मिळवला होता, कधीचा. मी त्यांना विचारलं, आकडे बरोबर होते तर चूक कोणाची. म्हणाले, पेट्या कोणी भरल्या त्यालाच विचारा. सांगायचं असेल तर सांगेल."

घरी धाकटीने एकदाच विचारलं, "मामाला कधी सांगणार?" तो म्हणाला, "कागद पक्का होऊन येऊ दे. रिकाम्या हाताने कसं जायचं?" तिने पुन्हा विचारलं नाही. तिचं न विचारणं तो रोज कान टवकारून ऐकत होता. जुळी त्याच्या मांडीवर द्यायची, दूध पाजून घ्यायची, सगळं तसंच, फक्त आता त्याने हात धुतले की ती बघत राहायची. कागद यायला अडीच महिने लागले. कंपनीचं पत्र होतं: भोक नंबर अकरा आणि त्याच मिस्त्रींनी पाडलेली इतर दहा भोकं पुन्हा ग्राह्य धरण्यात येत आहेत, अकराच्या शेजारी नवं भोक घेण्यात येईल. डोंगराला पुन्हा मशीन लागणार होतं. ते चांगलं की वाईट, हे त्याला ठरवता येईना. डोंगराखाली आता वस्ती झाली आहे, असं बाई बोलता बोलता म्हणाली होती. एका खोट्या पट्ट्याने इतकी वर्षं तो डोंगर झोपला होता. खऱ्याने तो उठणार होता.

मिस्त्री शहराच्या दुसऱ्या टोकाला, सुनेच्या घरी, खिडकीजवळच्या खाटेवर होते. छातीतून शिट्टी वाजत होती. डोळे जवळजवळ गेले होते. पाऊल ऐकून म्हणाले, "आलास? कोणी ढकललं?"

"कोणी नाही. आपणहून आलो."

"तू? आपणहून? मशीनवर साधी नळी आपणहून धरली नाहीस कधी." ते हसले आणि हसण्याचं खोकल्यात रूपांतर झालं. सून पाणी देऊन गेली. तो खाटेशेजारच्या खुर्चीवर टेकला. म्हणाला, "तुम्हाला कधी कळलं?"

"पेटी उघडली त्याच दिवशी. साहेबांना दगड कळायचा, माणूस कळायचा नाही. मला लगेच दिसलं, मेहुण्याने साप निजवून ठेवलाय."

"मग बोलला का नाहीत?"

"माझी बहीण पोटुशी होती. हीच तुझी धाकटी पोटात. तुझं नाव घेतलं असतं तर त्याच दिवशी तुला हाकललं असतं, खोलीतून सामान बाहेर. मी म्हटलं, मी मशीनवाला, मला कुठेही काम मिळेल." ते थांबले. श्वास गोळा केला. "आणि वाटलं, बाळंतपण होऊ दे, तू स्वतःच जाऊन सांगशील. पहिली चार वर्षं रोज वाटायचं. वखारीचं दार वाजलं की वाटायचं."

"मला तेव्हा माहीत नव्हतं, मिस्त्री. शपथ. मला आठ वर्षांनी कळलं, वाचायला शिकलो तेव्हा."

मिस्त्रींनी न दिसणारे डोळे त्याच्याकडे वळवले. "असेल," ते म्हणाले. मग म्हणाले, "आणि त्यानंतरची?" त्यांनी उत्तराची वाट बघितली नाही. हात पुढे केला. "कागद आणलायस म्हणे. वाच. बघू, काय शिकलास."

त्याने पत्र उघडलं, खिडकीच्या उजेडात धरलं आणि बोट ठेवून मोठ्याने वाचायला लागला. ओळ संपली की तो बोट उचलायचा, डाव्या टोकाला नेऊन ठेवायचा, आणि पुढे वाचायचा. मिस्त्री ऐकत होते. 'ठोकळ्यांवरील सर्व नोंदी अचूक आढळल्या' ही ओळ आली तेव्हा ते म्हणाले, "परत." त्याने परत वाचली. "परत." त्याने तिसऱ्यांदा वाचली. त्याला त्यांच्या चेहऱ्यावरून अजूनही कळत नव्हतं की ते ओळ ऐकताहेत की त्याचा आवाज तपासताहेत, आणि ते 'असेल' खरं होतं की नुसतं दार लोटून घेणं होतं. विचारायचा धीर झाला नाही. पुन्हा येऊ तेव्हा विचारू असं त्याने जिना उतरताना ठरवलं.

मिस्त्री त्यानंतर एकोणीस दिवसांनी, गुरुवारी, सकाळी साडेनऊ वाजता सुनेच्या घरी वारले. जुळ्यांचा तेव्हा सहावा महिना सरत आला होता. मिस्त्री एकोणऐंशी वर्षांचे होते.